जुन्या डिकॅलचे जतन : आधी बळकटी, मग पाणी

लहान आकाराच्या प्रतिकृती तयार करण्याचा छंद एकदा घरात शिरला, की त्या घरातील एखाद्या कपाटात अर्धवट राहिलेला एक तरी खोका हमखास सापडतो. त्यात विमानाचे किंवा आगगाडीचे सुटे भाग असतात, वाळून दगड झालेली रंगाची डबी असते आणि तळाशी पातळ कागदात ठेवलेला, मुगाएवढ्या अक्षरांचा आणि चिन्हांचा एक ताव असतो. वीस-पंचवीस वर्षांनी नातवंडे तो खोका उघडतात. प्लास्टिकचे भाग जसेच्या तसे असतात, रंग नवा आणता येतो; ताव तेवढा पिवळसर पडलेला असतो. उत्साहाच्या भरात तो पाण्याच्या वाटीत टाकला जातो आणि पाहता पाहता त्यावरील अक्षरे तडकून, त्यांचे बारीक कण पाण्यावर पसरतात. ते कण पुन्हा जुळत नाहीत आणि तसा ताव बाजारात पुन्हा मिळत नाही.

अशा तावाला डिकॅल म्हणतात. जुने डिकॅल वाचवण्याची रीत फारशी अवघड नाही आणि खर्चिकही नाही. जुन्या डिकॅलला पाण्याचा स्पर्श होण्यापूर्वी बळकटी द्यावी, हे तिचे मुख्य सूत्र होय. हा क्रम चुकला तर पुढील सारे कौशल्य व्यर्थ जाते. म्हणून प्रस्तुत लेखात या रीतीचा क्रमवार विचार केला आहे.

डिकॅलची रचना

डिकॅल हा शब्द फ्रेंच भाषेतून आला असला, तरी ही वस्तू भारतीय घरांना नवी नाही. आजीच्या शिवणयंत्राच्या काळ्या अंगावरील सोनेरी वेलबुट्टी किंवा जुन्या सायकलच्या दांडीवरील कंपनीचे नाव हे सहसा हाताने रंगवलेले नसे. ते कागदावर छापून मग वस्तूवर उतरवलेले असे. प्रतिकृतींवरील डिकॅल त्याच कुळातील आहे. त्याच्या तळाशी पाणी शोषणारा कागद असतो. कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा लेप असतो. हा डिंक बहुधा डेक्स्ट्रिनचा, म्हणजे पिष्टापासून तयार केलेला असतो. डिंकावर पारदर्शक वॉर्निशचा अतिशय पातळ पापुद्रा आणि पापुद्र्यावर शाईने छापलेले अक्षर, अशी ही रचना आहे. कागद भिजला की डिंक सुटतो, पापुद्रा अक्षरासह मोकळा होतो आणि ओल्या ब्रशने सरकवून तो प्रतिकृतीवर बसवता येतो.

नव्या पापुद्र्यात लवचीकता असते. ओला झाल्यावर तो वाकतो, सरकतो आणि वक्र पृष्ठभागावरही बसतो. जुन्या पापुद्र्यातील ही लवचीकता नाहीशी झालेली असते. कागदाचा आधार असेपर्यंत तो अखंड दिसतो. परंतु आधार सुटताच त्यात आधीपासून असलेल्या सूक्ष्म भेगा उघड्या पडतात. पाण्यामुळे त्या भेगा निर्माण होत नाहीत, पाण्याने केवळ त्यांना एकत्र धरणारा कागद दूर केलेला असतो. हा कार्यकारणभाव ध्यानात आला, की उपायही आपोआप सुचतो. कागदाचा आधार काढण्यापूर्वी पापुद्र्याला दुसरा आधार द्यावयास हवा.

हिंगोलीच्या छोट्या गाडीचे उदाहरण

एका इवल्याशा तावासाठी एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर हिंगोली जिल्ह्यातील एका उदाहरणाने देता येईल.

वसमत–औंढा रस्त्यावरील शिरड शहापूर येथे श्री मल्लिनाथ भगवंतांचे अतिशय क्षेत्र आहे, त्यामुळे हा जिल्हा जैन वाचकांना परिचित आहे. या जिल्ह्यात आगगाडी आली ती मीटरगेजची. निजामाच्या राज्यातील पूर्णा–हिंगोली ही शाखा १९१२ मध्ये सुरू झाली. पुढे हाच मार्ग वाशीम, अकोला आणि खांडव्यापर्यंत जोडला गेला आणि दक्षिणेकडील मीटरगेज जाळे उत्तरेकडील जाळ्याशी जोडणारा दुवा ठरला. काचीगुड्याहून राजस्थानकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच मार्गाने धावत असे. मराठवाड्यात स्थायिक झालेल्या कित्येक मारवाडी कुटुंबांसाठी मूळ गावाकडे जाण्याचा हा सोयीचा मार्ग होता. २००८ मध्ये पूर्णा–अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला आणि अकोला ते खांडवा या भागातील छोटी गाडी २०१७ मध्ये थांबली. ‘हिंगोली डेक्कन’ हे स्थानकाचे नाव आजही फलकावर आहे, त्या फलकासमोर उभी राहणारी छोटी गाडी मात्र राहिली नाही.

आता या गाडीची प्रतिकृती एखाद्या घरात करावयाची ठरली, असे समजू. प्रतिकृतींच्या जगात १:८७ हे प्रमाण फार प्रचलित आहे. या प्रमाणात १००० मिलिमीटरचा मीटरगेज रूळमार्ग सुमारे ११.५ मिलिमीटर रुंद होतो, आणि त्यासाठी १२ मिलिमीटर रुंदीचे छोटे रूळ वापरतात. डब्यावरील दहा सेंटीमीटर उंचीचे अक्षर या प्रमाणात अवघे १.१५ मिलिमीटर उंच उरते. असे अक्षर ब्रशने रंगवणे जवळजवळ अशक्य असते. डबा लाकडाचा करता येईल, पुठ्ठ्याचा करता येईल, प्लास्टिकचाही करता येईल. तथापि तो कोणत्या रेल्वेचा, कोणत्या वर्गाचा आणि कितव्या क्रमांकाचा, हे सांगणारी अक्षरे नसतील, तर तो कोणत्याही गाडीचा डबा ठरेल. पुण्यातील कोथरूड भागात १९९८ मध्ये सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अशा बारीक तपशिलांमुळे लहानशा प्रतिकृतीत किती खरेपणा येतो, याची कल्पना असेल.

घरच्या प्रिंटरवर अशी अक्षरे नव्याने छापता येणार नाहीत काय? काळी अक्षरे छापता येतात. अडचण पांढऱ्या आणि पिवळ्या अक्षरांची आहे. साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते; पांढरे म्हणून जे दिसते ते कागदाचे पांढरेपण असते. पिवळी शाई पारदर्शक असल्यामुळे गडद रंगावर ती दिसेनाशी होते. जुन्या डब्यांचा रंग गडद तांबडा आणि त्यावरील अक्षरे पिवळी. त्यामुळे एखाद्या हौशी माणसाने त्या काळी स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्याकडून मीटरगेजच्या डब्यांची पिवळी अक्षरे छापून घेतली असतील, तर तो ताव आज एका गेलेल्या गाडीचा पुरावाही असतो. तो वाटीभर पाण्यात गमावणे म्हणजे केवळ खेळण्याचे नुकसान नव्हे.

ठिसूळपणाची कारणे

पापुद्र्याला मऊ ठेवणारी द्रव्ये काळाच्या ओघात उडून जातात, हे पहिले कारण. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. हिंगोली परिसरात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पत्र्याखालील माळ्यावर त्याहूनही अधिक ताप असतो. पुढे पावसाळ्यात हवा दमट होते. दमट हवेत कागद फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. वरचा पापुद्रा मात्र त्याच प्रमाणात फुगत वा आकसत नाही. वर्षानुवर्षे चाललेल्या या ओढाताणीने पापुद्र्यास भेगा पडतात. पिष्टाच्या डिंकावर बुरशी धरते आणि कसरही लागते.

म्हणून डिकॅलचे ताव माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत. घराच्या मधल्या भागातील कोरड्या कपाटात, दोन बटर पेपरांच्या मध्ये, सपाट स्थितीत ठेवावेत. तावाची गुंडाळी करू नये आणि त्यास रबर लावू नये. सोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी. डांबराच्या गोळ्या ठेवण्याची सवय सोडावी. त्यांच्या वाफेने प्रतिकृतीचे पॉलिस्टिरीन प्लास्टिक खराब होते, शिवाय त्यांचा हेतू जीवांना मारण्याचा असतो. कसर येऊ नये इतकी कोरडी व स्वच्छ जागा राखणे, हाच जैन घराला शोभणारा उपाय होय.

नोंद, ऊन आणि परीक्षा

तावाला हात लावण्यापूर्वी त्याची नोंद करावी. शेजारी मोजपट्टी ठेवून संपूर्ण ताव किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करावा. स्कॅनर नसेल, तर दिवसाच्या उजेडात सरळ वरून छायाचित्र घ्यावे. पुढे काही बिघडले, तरी अक्षराचा आकार, जाडी आणि रंग यांची खूण शिल्लक राहते आणि त्यावरून नवे डिकॅल छापून घेता येते. जुन्या वस्तूंबाबत आधी नोंद करण्याची ही शिस्त जैन परंपरेला अपरिचित नाही. हिंगोलीच्या शेजारी वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथील भांडारांतील पोथ्यांची नोंद रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांच्या सूचीत आहे. वस्तू कोणती आणि कोठे आहे हे लिहिलेले असेल, तरच पुढे तिचा शोध घेता येतो. छोट्या तावालाही हाच न्याय लागू आहे.

पापुद्रा पिवळा पडला असेल, तर ऊन उपयोगी पडते. ताव पारदर्शक पिशवीत बंद करून, छापील बाजू सूर्याकडे येईल अशा रीतीने पूर्वेकडील खिडकीच्या काचेस आतून चिकटवावा. कोवळ्या उन्हात काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत ठेवल्यास पिवळेपणा बराच कमी होतो. दुपारच्या प्रखर उन्हात ठेवू नये, कारण त्या तापाने ठिसूळपणा वाढतो. दर दोन दिवसांनी ताव पाहावा. अक्षरांचा रंगही फिका होऊ लागल्याचे दिसताच तो काढून घ्यावा. बुरशीचे काळे डाग मात्र उन्हाने जात नाहीत.

यानंतर परीक्षा. बहुतेक तावांवर एखादे नको असलेले चिन्ह असते. तेवढेच कापून कोमट पाण्यात बुडवावे. मिनिटभरात ते सरकू लागले आणि अखंड राहिले, तर ताव अजून सशक्त आहे. त्याच्या कडा तडकल्या किंवा तुकडे झाले, तर उरलेल्या तावाला बळकटी दिल्यावाचून पाणी दाखवू नये. एका निरुपयोगी चिन्हाने दिलेला हा इशारा संपूर्ण ताव वाचवतो.

बळकटी देण्याची रीत

बळकटी देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे याच कामासाठी तयार मिळणारे द्रव. ‘मायक्रोस्केल’ कंपनीचे लिक्विड डिकॅल फिल्म हे त्यांतील प्रसिद्ध नाव. मऊ, रुंद ब्रशने ते तावावर एकाच दिशेने, एकदाच फिरवावे. ओल्या लेपावर पुन्हा ब्रश फिरवला तर शाई उचलली जाण्याचा धोका असतो. दुसरा मार्ग म्हणजे चकचकीत पारदर्शक ॲक्रिलिक लेपाचा स्प्रे. तो हातभर अंतरावरून मारावा. पहिला थर अगदी विरळ असावा, कारण एकदम ओला थर दिल्यास त्यातील द्रावकाने शाई पसरू शकते. वीस मिनिटांच्या अंतराने असे दोन-तीन थर पुरेसे होतात. कोणताही मार्ग घेतला, तरी ताव पूर्ण एक दिवस वाळू द्यावा. वरचा हा नवा पापुद्रा जुन्या तुकड्यांना एकत्र धरून ठेवतो.

लाखेचे पॉलिश या कामी वापरू नये. ते काळानुसार पिवळे पडते. शिवाय लाख ही कीटकांपासून मिळते आणि श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याचा समावेश आहे, हे जाणत्या वाचकांना सांगावयास नको.

हे काम दिवसा करावे. रात्री दिव्याखाली ओला लेप उघडा ठेवला, तर चिलटे व लहान किडे त्यावर येऊन चिकटतात. त्यात जीवांची विराधना होते आणि तावही बिघडतो. लेप देऊन झाल्यावर ताव उंच कडांच्या खोक्यात ठेवून, वरून जाळीदार कापडाने झाकावा. स्प्रे मारताना खिडक्या उघड्या असाव्यात, नाकावर मास्क असावा आणि जवळपास शेगडी किंवा दिवा नसावा. पावसाळ्याच्या दमट दिवसांत लेप पांढुरका होतो, म्हणून हिवाळ्यातील कोरडा दिवस उत्तम.

एक गोष्ट येथे विसरली जाते. मुळात प्रत्येक चिन्हाचा पापुद्रा बहुधा वेगळा असतो. नव्या लेपाने मात्र सारा ताव एका पापुद्र्याने झाकला जातो. त्यामुळे आता प्रत्येक चिन्ह त्याच्या कडेला अगदी लागून, नव्या धारदार पात्याने कापावयास हवे. पाते बोथट असेल तर कडेपासूनच तडे जातात. हे काम मुलांकडून करवून घेताना मोठ्यांनी शेजारी बसावे.

पाण्यातून प्रतिकृतीवर

प्रतिकृतीचा पृष्ठभाग आधी चकचकीत असावा. मंद, खरबरीत रंगावर डिकॅल बसवले तर त्याखालील सूक्ष्म खळग्यांत हवा अडकते आणि पापुद्रा चंदेरी दिसू लागतो. यासाठी पारदर्शक चकचकीत लेपाचा एक थर आधी द्यावा व तो पूर्ण वाळू द्यावा.

पाणी गाळून, उकळून, कोमट केलेले घ्यावे. जैन स्वयंपाकघरात हे पाणी सहज उपलब्ध असते आणि या कामात त्याचा वेगळा लाभही आहे. मराठवाड्यातील बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते. ते वाळल्यावर डिकॅलच्या कडेला पांढरे डाग राहतात. उकळल्याने त्यातील काही क्षार भांड्याच्या तळाशी बसतात, म्हणून वरचे निवळ पाणी घ्यावे.

कापलेले चिन्ह चिमट्याने धरून दहा सेकंद पाण्यात बुडवावे आणि लगेच बाहेर काढून ओल्या कापसावर ठेवावे. ते वाटीत तरंगत ठेवू नये, कारण तेथे डिंक धुऊन जातो आणि सुटलेला पापुद्रा गुंडाळला जातो. कापसावर एक-दोन मिनिटे वाट पाहावी. ओल्या ब्रशच्या टोकाने हलकेच ढकलून पाहिल्यास पापुद्रा सरकतो की नाही ते कळते. सरकत नसेल तर आणखी थांबावे, जोर करू नये. दरम्यान प्रतिकृतीवर ज्या ठिकाणी चिन्ह बसवावयाचे, तेथे पाण्याचा थेंब ठेवावा. मग कागदासह चिन्ह त्या जागी नेऊन, ब्रशने चिन्ह स्थिर धरावे आणि खालचा कागद चिमट्याने हळूच ओढून घ्यावा. चिन्ह उचलून नेण्यापेक्षा कागद खालून काढणे अधिक सुरक्षित असते. बोटांनी पापुद्रा कधीही धरू नये.

जागा नीट ठरल्यावर स्वच्छ सुती कापडाने किंवा कापसाच्या काडीने मध्यापासून कडेकडे दाबत पाणी टिपून घ्यावे. जुना डिंक निकामी झाला असेल, तर पाण्यात पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचा एक थेंब चिन्हाखाली सोडावा. फेविकॉलसारखा गोंद कृत्रिम पॉलिमरचा असतो. प्राण्यांची हाडे व कातडे यांपासून बनणाऱ्या सरसाला पर्याय म्हणूनच तो १९५९ मध्ये भारतीय सुतारांपुढे आला. त्यामुळे या बाबतीत मनात शंका ठेवण्याचे कारण नाही. वक्र भागावर पापुद्रा बसावा म्हणून मऊ करणारी द्रवे मिळतात. जुन्या डिकॅलवर ती अगदी थोडी, आणि आधी फुकट गेलेल्या चिन्हावर पारखूनच वापरावीत. त्या द्रवाने चिन्ह क्षणभर सुरकुतते. अशा वेळी त्याला स्पर्श न करणे, हेच त्याला वाचवणे होय. वाळता वाळता ते पुष्कळदा आपोआप सपाट होते.

तरीही तुटले तर

सर्व काळजी घेऊनही एखादे चिन्ह तुटते. तेव्हा घाईने तुकडे उचलू नयेत. त्यांच्यावर आणखी एक थेंब पाणी सोडावे, म्हणजे ते पृष्ठभागावर तरंगत राहतात. मग बारीक ओल्या ब्रशने एकेक तुकडा जागेवर आणावा. आधी सर्वांत मोठा तुकडा स्थिर करावा, लहान तुकडे त्याला येऊन मिळू द्यावेत. वाळल्यावर ज्या बारीक फटी उरतील, त्या जुळत्या रंगाने, ब्रशच्या एका केसाने भराव्यात. दुसऱ्या दिवशी वरून पारदर्शक लेप दिल्यास जोड सहसा दिसत नाही. अगदीच भुगा झाला, तर केलेल्या स्कॅनवरून नवे छापून घेणे हा मार्ग खुला असतो. पांढऱ्या व पिवळ्या अक्षरांसाठी स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्याकडे जावे लागते. अक्षरांभोवतीचा डब्याचाच रंग पांढऱ्या डिकॅल कागदावर छापून, अक्षरे कोरी सोडणे ही दुसरी युक्ती. तीत रंग तंतोतंत जुळवण्याची कसोटी असते.

याच तत्त्वाचा उपयोग घरातील इतर जुन्या वस्तूंनाही होतो. आजीच्या शिवणयंत्रावरील सोनेरी वेलबुट्टी स्पिरिटने पुसू नये. अनेक जुन्या यंत्रांवर तिच्यावर लाखेचे आवरण असते आणि स्पिरिटने ते विरघळते. शिवणयंत्राच्याच तेलाने, मऊ कापडाने, आधी एका कोपऱ्यात पाहून मग पुसावे. घरातील जुन्या पोथीच्या फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नये आणि सुटणाऱ्या शाईला ओला हात लावू नये. तेथे घरगुती प्रयोग न करता पान सपाट ठेवावे, छायाचित्र घ्यावे आणि पोथीच्या संवर्धनाचे काम जाणणाऱ्याकडे ते सोपवावे. प्रतिकृतीवर करता येईल ते सारे पोथीवर करता येत नाही, हा विवेकही जतनाचाच भाग आहे.

जपणे आणि साठवणे

या छंदाला एक दुसरी बाजू आहे. पुष्कळ हौशी माणसे खोक्यांवर खोके जमा करतात आणि ते कधीच उघडत नाहीत. दुर्मीळ ताव कपाटात आहे, या समाधानात वर्षे जातात आणि ताव मात्र आत पडल्या पडल्या ठिसूळ होत जातो. वस्तू जपण्याचे नाव पुढे करून परिग्रह वाढवला, तर शेवटी वस्तूही हातची जाते. डिकॅलच्या बाबतीत ही गोष्ट अक्षरशः खरी आहे, कारण प्रत्येक उन्हाळ्यागणिक त्याचे बळ कमी होते. तावाची नोंद करून, त्याला बळकटी देऊन, जे लागेल ते वापरावे. उरलेली अक्षरे ज्याच्या प्रतिकृतीला हवी असतील त्याला द्यावीत. हिंगोलीच्या छोट्या गाडीची पिवळी अक्षरे कोणा एकाच्या कपाटात अंधारात पिवळी पडण्यापेक्षा दोन-तीन घरांतील डब्यांवर दिसावीत, हे अधिक योग्य.

जैन आचारातील पाच समितींमध्ये आदान-निक्षेपण समिती सांगितली आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना, नीट पाहून, कोणत्याही जीवाला बाधा न होईल अशा सावधपणे ती उचलावी व ठेवावी, असा तिचा अर्थ. मुनींसाठी ती व्रताचा भाग आहे. श्रावकालाही आपल्या मर्यादेत तिचा अभ्यास करता येतो. तो अभ्यास केवळ प्रवचन ऐकून होत नाही. हाताला सवय लागावी लागते. दहा-बारा वर्षांचे मूल चिमट्यात दीड मिलिमीटरचे अक्षर धरून, ते सुटण्याची वाट पाहत, जोर न करता बसते, तेव्हा त्याच्या हाताला ही सवय लागत असते. उचलण्यापूर्वी पाहणे, पाहिल्यावर थांबणे आणि थांबल्यावर हलकेच ठेवणे, एवढेच त्याला शिकावयाचे असते.

दिवाळीनंतरचे कोरडे दिवस या कामास अनुकूल असतात. ज्या घरात असा जुना खोका असेल, तेथे या हिवाळ्यात तो उघडावा. खोका उघडताच पाण्याची वाटी आणू नये. पहिल्या दिवशी फक्त ताव बाहेर काढून सपाट ठेवावा, त्याचे छायाचित्र घ्यावे आणि तो कोणी, कधी, कशासाठी आणला होता हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. लेप आणि पाणी यांची पाळी त्यानंतर.